काउंटरवरची एकादशी

मराठी माणसाला उपाशी राहायला सांगणं सोपं नाही. तो राहणार नाही असं नव्हे. राहतो, पण आधी कलमवार खुलासा मागतो. चहा चालतो का? दुधाचा नको, तर कोरा? पाणी तरी? पाण्याबरोबर बीपीची गोळी? आणि ती गोळी उपाशीपोटी घेऊ नका असं दुसऱ्या डॉक्टरांनी बजावलंय, मग तिच्या जोडीला एखादं बिस्कीट? ज्या समाजाने ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण स्वतःच स्वतःवर रचली, त्याला उपासाचे नियम समजावून सांगणाऱ्याची कीवच करायला हवी. त्यातून तो उपास देवाचा नसेल, सी.टी. स्कॅनच्या काउंटरवरून फर्मावलेला असेल, तर विचारायलाच नको.

“उद्या साडेदहाची अपॉइंटमेंट आहे. कॉन्ट्रास्ट आहे ना, मग सहा तास आधीपासून काही खायचं नाही,” असं पलीकडची मुलगी एका दमात सांगते आणि फोन ठेवते. सहा तास आधी म्हणजे पहाटे साडेचार. त्याच्या आत खाल्लं तर चालतं, हा शोध घरात कुणीतरी लावतंच. मग साडेचारला उठून पोहे करायचे की रात्रीच जरा उशिरा आणि सढळ जेवायचं, यावर दोन पक्ष पडतात. ज्याचा स्कॅन आहे त्याला मात्र कुणी काही विचारत नाही.

आमच्या घरी हा प्रश्न आला तो सासूबाईंच्या लांबलेल्या खोकल्यामुळे. छातीचा स्कॅन करून घ्या, कॉन्ट्रास्ट घालून, असं डॉक्टर म्हणाले. आईंना ‘स्कॅन’ या प्रकाराची धास्ती होती, कॉन्ट्रास्टची त्याहून जास्त. पण उपाशी राहायचं आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा एकदम निवळला. इथे त्या घरच्या मैदानावर होत्या. संकष्टीला ढगाआड लपलेल्या चंद्राची वाट बघत साडेदहा-अकरापर्यंत बसलेली बाई. हरतालिकेला पाण्याचा थेंब न घेता चार घरच्या मुलींच्या पूजा सांगून आलेली बाई. “सहाच तास?” त्या म्हणाल्या. “एवढंच ना? मला वाटलं काय नि काय.”

कॉन्ट्रास्ट म्हणजे काय हे त्यांना समजावून देण्याचं काम माझ्याकडे आलं. क्ष-किरणांना हाडं छान दिसतात. विल्हेल्म राँटजेन यांनी १८९५च्या डिसेंबरात बायकोच्या हाताचं जे चित्र घेतलं, त्यातही दिसली ती हाडं आणि अंगठी. मांस, रक्त, नसा यांचं मात्र क्ष-किरणांपुढे फारसं चालत नाही. सगळं जवळजवळ एकाच करड्या रंगात येतं. सी.टी.च्या मोजपट्टीवर पाण्याला शून्य आणि हवेला उणे हजार अंक असतो. यकृत, मूत्रपिंड, वाहतं रक्त ही सगळी मंडळी तीस ते साठ-सत्तरच्या पट्ट्यात दाटीवाटीने बसलेली असतात. त्यांना वेगळं ओळखायचं तर रक्तात असं काहीतरी सोडायला हवं, की जे क्ष-किरणांना अडवेल. ते काम आयोडीन करतं. त्याच्या अणूत ५३ इलेक्ट्रॉन असतात, त्यामुळे ते क्ष-किरणांच्या वाटेत उभं राहू शकतं. शिरेतून आत गेलं की जिथे जिथे रक्त पोचतं तिथे तिथे चित्र उजळतं.

“आयोडीन म्हणजे आपल्या मिठातलं?” आईंनी विचारलं.

तेच. फक्त प्रमाणाचा हिशेब वेगळा. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. स्कॅनच्या इंजेक्शनात एका मिलिलिटरला ३०० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. ऐंशी मिलिलिटर दिलं तर ते झालं चोवीस ग्रॅम, म्हणजे रोजच्या हिशेबाने चारशे वर्षं पुरेल इतकं. शरीर त्यातलं जवळजवळ काहीच ठेवून घेत नाही, कारण ते आयोडीन दुसऱ्या रेणूला घट्ट बांधलेलं असतं. मूत्रपिंडं ठीक असतील तर बहुतेक सगळं चोवीस तासांत लघवीवाटे निघून जातं. चारशे वर्षांचा शिधा एका दिवसात परत करणारं शरीर पाहून आईंना काही कौतुक वाटलं नाही. “मग घालायचं कशाला?” एवढंच त्या म्हणाल्या.

त्यांचा खरा प्रश्न पुढचा होता आणि तो अगदी रास्त होता. इंजेक्शन हातात द्यायचं, चित्र छातीचं काढायचं, तर पोटाने काय घोडं मारलंय?

पोटावरच्या या आरोपाला जुना इतिहास आहे. १९२३ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये उपदंशाच्या रोग्यांना औषध म्हणून सोडियम आयोडाइड देत होते, तेव्हा त्यांचं मूत्राशय क्ष-किरणांत दिसू लागल्याचं तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं. १९२९मध्ये मोझेस स्विक या तरुण अमेरिकन डॉक्टरने बर्लिनमध्ये राहून शिरेतून देण्याजोगं आयोडीनचं संयुग वापरून मूत्रमार्गाची चांगली चित्रं मिळवली. तिथून पुढे कित्येक दशकं जी कॉन्ट्रास्टची औषधं वापरात राहिली, ती क्षारांच्या जातीची होती. रक्तात जेवढे विरघळलेले कण असतात, त्याच्या पाच ते सात पट कण त्यांच्यात. असा जहाल द्रव झपकन रक्तात शिरला की शरीर कुरकुरणारच. मळमळ ही नेहमीची गोष्ट होती, उलटीही फार दुर्मीळ नव्हती. माणूस टेबलावर उताणा पडलेला, हात डोक्यावर घेतलेले, अशात उलटी झाली आणि पोटातलं श्वासनलिकेत गेलं तर काय, ही भीती त्या काळी अनाठायी नव्हती. रिकाम्या पोटातून काय वर येणार? म्हणून उपाशी या.

ही भीती आली होती शस्त्रक्रियेच्या दालनातून. १९४६ साली न्यूयॉर्कचे डॉक्टर कर्टिस मेंडेल्सन यांनी बाळंतिणींचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. ४४,०१६ बायकांपैकी ६६ जणींच्या पोटातलं अन्न किंवा आम्ल भुलीच्या अंमलाखाली फुप्फुसात गेलं होतं. तेव्हापासून भूल देण्याआधी पोट रिकामं ठेवण्याचा नियम जगभर पक्का झाला आणि तो योग्यच आहे. भूल दिलेल्या माणसाला ठसका लागत नाही, खोकला येत नाही; गळ्याचा पहारा उठलेला असतो. स्कॅनच्या टेबलावरचा माणूस मात्र टक्क जागा असतो. त्याला खोकता येतं, कुशीवर वळता येतं, “मळमळतंय हो” असं ओरडून सांगता येतं. पण नियम एकदा इस्पितळात शिरला की कोणत्या खोलीत थांबायचं हे त्याला कळत नाही.

मग औषधच बदललं. स्वीडनमधल्या माल्मो इथले रेडिऑलॉजिस्ट टॉर्स्टन अल्मेन यांना पायांच्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढताना रोग्यांना होणाऱ्या वेदना बघवत नव्हत्या. त्यांच्याबद्दल असं सांगतात की, खाऱ्या समुद्रात पोहताना डोळे चुरचुरतात आणि जिथे पाणी कमी खारट तिथे चुरचुरत नाहीत, यावरून त्यांना उमज पडली: दोष आयोडीनचा नसून द्रवाच्या खारेपणाचा असावा. आयोडीन तेवढंच ठेवून कण कमी करता आले तर? हा विचार त्यांनी १९६९मध्ये प्रसिद्ध केला आणि त्यातून क्षार नसलेली, सौम्य कॉन्ट्रास्ट औषधं तयार झाली. १९९० साली जपानमध्ये कातायामा आणि सहकाऱ्यांनी तीन लाखांहून जास्त रोग्यांची नोंद तपासली, तेव्हा जुन्या औषधांनी १२.६६ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला होता, नव्या औषधांनी ३.१३ टक्के लोकांना. आज स्कॅनसाठी शिरेतून दिली जातात ती ही नवी औषधं. युरोपातल्या रेडिऑलॉजिस्टांच्या ‘ईएसयूआर’ या संस्थेने २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत लिहूनच टाकलं, की ही औषधं देण्याआधी उपाशी ठेवण्याची शिफारस आम्ही करत नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीची पुस्तिकाही नेहमीच्या कॉन्ट्रास्टसाठी उपासाची गरज नाही असंच सांगते.

म्हणजे कारण गेलं, उपास राहिला. यात आपण हसावं असं काही नाही, कारण हा प्रकार आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो टॅपिओका, ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली. कोलंबसानंतर दर्यावर्दींच्या गलबतांतून ती इकडे आली. साडेपाचशे वर्षांपूर्वीच्या कुणाही व्रतस्थ बाईने यातला एकही जिन्नस पाहिलेला नव्हता. आज त्यांना उपासाच्या ताटात मानाचं पान आहे, आणि हजारो वर्षं या मातीत पिकणारा गहू मात्र एकादशीला उंबऱ्याबाहेर. का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: “आमच्यात चालत नाही.” रेडिऑलॉजी विभागाचं उत्तरही याहून फारसं वेगळं नसतं, फक्त ते छापील असतं.

स्कॅनच्या दिवशी सेंटरमध्ये मी काउंटरवरच्या मुलीला हळूच विचारलं, “छातीच्या स्कॅनला उपाशी कशाला लागतं हो?” तिने माझ्याकडे बघितलं, मागच्या रांगेकडे बघितलं आणि म्हणाली, “मॅडम, सगळ्यांनाच सांगतो आम्ही.”

या चार शब्दांत बरंच शहाणपण भरलेलं आहे. तिच्या समोर दिवसभर जे येतात त्यांच्यातल्या काहींना खरोखरच उपाशी राहावं लागतं. पित्ताशयाची सोनोग्राफी असेल तर खाल्ल्याबरोबर पित्ताशय आकसतं आणि बघायचं तेच दिसेनासं होतं. पेट-सी.टी.मध्ये साखरेचंच किरणोत्सारी भावंड टोचतात. आधी खाऊन रक्तातली साखर वाढवली तर ते भावंड जिथे जायचं तिथे नीट जात नाही. लहान मुलाला एम.आर.आय.साठी गुंगी द्यायची असेल तर भुलीचा नियम लागू. हृदयाच्या सी.टी. अँजिओग्राफीआधी चहा-कॉफी बंद, कारण नाडी धावायला लागली तर चित्र हलतं. उलट पोटाच्या काही सोनोग्राफींना लघवी तुंबेपर्यंत पाणी पिऊन यायचं असतं. आता फोनवर एका मिनिटात कुणाला काय आहे ते तपासून वेगवेगळं सांगत बसायचं, की सरसकट ‘उपाशी या’ म्हणून मोकळं व्हायचं? सगळ्यांना उपाशी ठेवलं की कुणालाच चुकून खायला सांगितलं असं होत नाही.

शिवाय दोषाचा हिशेबही उपासाच्याच बाजूचा आहे. “खाऊन या” म्हटलं आणि टेबलावर उलटी झाली तर “कुणी सांगितलं होतं खायला?” म्हणून विचारणारे दहा जण उभे राहतात. “उपाशी या” म्हटलं आणि म्हाताऱ्या माणसाला बाकावर चक्कर आली तर सगळे एकमताने म्हणतात, “वयच झालंय हो.” उपाशी ठेवल्याबद्दल आपल्या समाजात कुणावर कधी बालंट आलेलं नाही. ज्या नियमाने कुणाची नोकरी जात नाही तो नियम दीर्घायुषी असतो.

पण त्याचा भुर्दंड कुणीतरी भरतच असतं. साडेदहाची वेळ साडेदहाला येत नाही. मध्ये एखादा अपघाताचा पेशंट येतो आणि त्याला आधी घ्यावं लागतं, घ्यायलाच हवं. मग सहा तासांचे आठ होतात, आठाचे नऊ. ज्याने मधुमेहाची गोळी सवयीने घेतली आणि नाश्ता नियमाने टाळला, त्याच्या कपाळावर घाम दिसायला लागतो. आणि बरेच लोक उपाशी राहायला सांगितलं की पाणीही सोडतात. निर्जळी केल्याशिवाय उपास पक्का झाल्यासारखं आपल्याला वाटतच नाही. वास्तविक कॉन्ट्रास्ट बाहेर काढायचं काम मूत्रपिंडांचं. त्यासाठीच आधी क्रिएटिनीनचा रिपोर्ट मागतात. त्या बिचाऱ्यांना पाण्याची मदत हवी, तर आपण नेमकं तेच तोडून येतो.

आमच्या शेजारच्या खुर्चीत मालवणकडचे एक काका होते. मुलीकडे मुंबईला आलेले, स्कॅनचा योग इथे आला. सोबत काकू. काका उपाशी आणि त्यामुळे बोलके झाले होते. आतल्या खोलीचं दार उघडलं तेव्हा त्यांना यंत्र दिसलं. मधोमध भोक असलेलं ते पांढरं धूड त्यांनी डोळे भरून बघितलं आणि म्हणाले, “अगदी मेदूवडा.” काकूंनी “गप्प बसा हो” म्हणून दटावलं, पण आजूबाजूच्या चार उपाशी माणसांनी वळून पुन्हा एकदा यंत्राकडे पाहिलंच.

तेवढ्यात संमतीचा फॉर्म घेऊन एक मुलगी आली. दमा आहे का, थायरॉइड आहे का, आधी कधी कॉन्ट्रास्ट घेतलंय का, असं विचारता विचारता ती म्हणाली, “काका, मासे, कोळंबी खाल्ल्यावर काही त्रास होतो का?”

उपाशी मालवणी माणसाला भर सकाळी विचारू नये असा हा प्रश्न. काका सावरून बसले. “कोळंबीचा कसला त्रास? कोळंबी ताजी हवी मात्र. भरली वांगी असतात ना, तशीच आमची ही कोळंबी घालून...”

“त्रास होत नाही,” काकूंनी मुलीला सांगितलं. “लिही तू.”

“सुरमईचाही नाही,” काका म्हणाले. “तिसऱ्यांचा तर नाहीच नाही. बांगडा पावसाळ्याआधीचा असेल तर...”

मुलीने ‘नाही’वर खूण करून पुढचा प्रश्न घेतला, पण काका अजून बांगड्यावरच होते. खरं तर तो प्रश्न फॉर्मवरचा आणखी एक जुना पाहुणा. माशांत आयोडीन असतं, म्हणून मासे न सोसणाऱ्याला कॉन्ट्रास्टही सोसणार नाही, असा एके काळचा समज. कोळंबीची ॲलर्जी असते ती तिच्यातल्या प्रथिनाची, आयोडीनची नव्हे. आयोडीन तर आपण रोज मिठातून खातोच. पण प्रश्न छापलेला आहे, म्हणून विचारला जातो, आणि विचारला गेला की रांगेतल्या सहा-सात जणांच्या पोटात एकदम कालवाकालव होते.

भूक म्हणजे पोटाची काय हालचाल असते, हे शोधायलाही एका माणसाने उपाशी राहून दाखवलेलं आहे. हार्वर्डचे वॉल्टर कॅनन आणि त्यांचा विद्यार्थी वॉशबर्न यांनी १९१२ साली हा प्रयोग प्रसिद्ध केला. वॉशबर्नने रबरी फुगा गिळला, तो पोटात फुगवला, नळी बाहेरच्या नोंद करणाऱ्या यंत्राला जोडली. भुकेची कळ आली की त्याने बटण दाबायचं. कळ आणि पोटाचं आकुंचन यांचा मेळ बसला. कळा लाटांनी येतात आणि ओसरतात हेही दिसलं. दवाखान्याच्या बाकावर हे आपल्याला फुग्याशिवाय समजतं. अकरा वाजता पोटात कावळे कोकलत असतात, सव्वाअकराला सगळं शांत, आणि साडेअकराला कुणाच्या तरी पिशवीतून डब्याच्या झाकणाचा आवाज येतो की कावळे पुन्हा हजर.

आईंचा नंबर लागला. कॅन्युला लावायला सिस्टर आल्या. डाव्या हाताला पट्टा बांधला, मनगटाजवळ टिचक्या मारल्या, मूठ वळायला सांगितली, सोडायला सांगितली. मग उजवा हात घेतला. मग पुन्हा डावा. शिरा कुठे दडून बसल्या होत्या कोण जाणे.

“आजी, पाणी प्यायला होतात का सकाळपासून?”

“एक थेंब नाही,” आई म्हणाल्या. आवाजात अशी काही ऐट होती, की एखाद्या अभ्यासू मुलीने पाठ केलेली कविता न अडखळता म्हणून दाखवावी आणि शाबासकीसाठी थांबावं.

सिस्टरांनी एक सुस्कारा सोडला. “अहो आजी, पाणी चालत होतं.”

आईंनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत पश्चात्ताप वगैरे काही नव्हता. पाणी चालणाऱ्या उपासाबद्दलची किंचित नाराजी होती. शेवटी कोपराच्या खोबणीत एक शीर सापडली.

आतलं काम मात्र बघता बघता झालं. आत नेताना टेक्निशियनने सांगून ठेवलं होतं: “अंगभर गरम वाटेल, तोंडाला धातूची चव येईल, लघवी झाली असं वाटेल, पण होत नाही. घाबरू नका.” यंत्रातला आवाज “श्वास घ्या, रोखून धरा” म्हणतो, आणि सोडायला सांगतो तोवर मुख्य काम उरकलेलं असतं. हे यंत्र पहिल्यांदा रोग्यावर चाललं ते १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलात. ते बनवलं गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंजिनिअरने, आणि तो नोकरीला होता ईएमआय कंपनीत, म्हणजे ज्या घराण्याच्या कुत्र्याच्या छापाच्या तबकड्यांवर आपल्या आजोबांनी नाट्यगीतं ऐकली त्याच कंपनीत. १९७९चं नोबेल त्याला आणि ॲलन कॉरमॅक यांना मिळून देण्यात आलं. आई बाहेर आल्या त्या मोठ्या विस्मयात. “एवढंच?” त्या म्हणाल्या. “याच्यासाठी रात्रभर...” मग आवाज खाली आणून, “पण ते गरम होतं ना, मेलं, मला खरंच वाटलं हो.”

घरी जाताना त्या रिक्षात एक वाक्य बोलल्या आणि मला या सगळ्याचा उलगडा झाला. त्या म्हणाल्या, “माझ्याकडून काही कमी ठेवलं नाही बाई मी.”

खरं होतं. स्कॅनमध्ये रोग्याच्या हाती काय असतं? सुई दुसरं कुणी टोचतं. टेबल आपोआप सरकतं. श्वास कधी घ्यायचा हेही यंत्र सांगतं. चित्र दुसऱ्याला दिसतं, त्याचा अर्थ तिसऱ्याला कळतो आणि बातमी चौथा सांगतो. या सगळ्या कारभारात त्या माणसाने स्वतः करायचं आणि नीट करून दाखवायचं असं एकच काम उरतं: उपाशी राहणं. ज्याच्या छातीत काय निघेल ही धाकधूक आहे, त्याला निदान एक गोष्ट तरी बिनचूक पार पाडल्याचं समाधान हवं असतं. औषधाच्या दृष्टीने कारण संपलेला नियम टिकतो तो नुसत्या काउंटरच्या सोयीने नाही. पलीकडून त्याला आधार देणारा हात पेशंटचा असतो. मुलाच्या परीक्षेच्या दिवशी आईने गुरुवार धरावा, त्याने गणित सुटत नाही हे तिलाही माहीत असतं. पण गणित तिला सोडवता येत नाही आणि गुरुवार मात्र धरता येतो.

रिपोर्टात वयाला शोभेल एवढंच निघालं. मात्र काही महिन्यांनी तुलनेसाठी पुन्हा एकदा स्कॅन करा असं त्यात होतं. या खेपेला दुसऱ्या सेंटरमध्ये गेलो. तिथून फोन आला: “हलका नाश्ता करून या. पाणी भरपूर प्या. क्रिएटिनीनचा रिपोर्ट आणि गोळ्यांची यादी आणा. मधुमेहाची मेटफॉर्मिन असेल तर आधी सांगा.” मी निरोप पोचवला. आईंनी पोथी बाजूला ठेवली.

“नाश्ता करून?”

“हो.”

“स्कॅनला?”

“हो आई. आता नियम बदललेत.”

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग काळजीने म्हणाल्या, “हे सेंटर बरं आहे ना गं? डॉक्टर शिकलेले आहेत ना?”

युरोपच्या सूचना, जपानचे तीन लाख रोगी, अल्मेन यांचा समुद्र, असं सगळं मी सांगून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. “त्यांचं त्यांना असू दे, मी आपली उपाशीच बरी” हा ठराव पास झाला होता. पुराव्याने कुणाचा उपास सुटत नाही हे मला तेव्हा पटलं. उपास सोडवायचा तर त्याच्या जागी दुसरा नेम द्यावा लागतो. मी कागद घेतला, चष्मा लावला आणि फोनवर सांगितलेल्या सोप्या गोष्टी जरा कडक आवाजात वाचून दाखवल्या.

“आई, यांचे नियम फार कडक आहेत. सकाळी आठच्या आत अर्धी भाकरी आणि कपभर दूध, त्याहून जास्त नाही. तेलकट बंद. उठल्यापासून दर अर्ध्या तासाने भांडंभर पाणी, घटाघटा नाही, बसून, सावकाश. एकही वेळ चुकवायची नाही. तपासणी झाल्यावर पुन्हा दिवसभर पाणी. आणि गोळ्यांची यादी तुमच्याच अक्षरात.”

आई सरळ बसल्या. “पाणी गार चालेल की कोमट?”

तिथेच मी जिंकले. दुसऱ्या दिवशी त्यांनी घड्याळ समोर ठेवून पाणी प्यायलं. अर्ध्या भाकरीतला कडेचा करपलेला तुकडासुद्धा नको म्हणून बाजूला काढला. यादीत गोळ्यांच्या नावांपुढे सकाळ-संध्याकाळ अशा खुणा केल्या आणि खाली रेघ मारून सही केली. सेंटरमध्ये सिस्टरांनी पट्टा बांधला मात्र, शीर लगेच वर आली. एका टोचण्यात काम झालं.

बाहेर येऊन त्या बसल्या तर शेजारी एक गृहस्थ ओठ चाटत वाट बघत होते. कुठून आलात, काय झालंय, अशी विचारपूस झाली. सकाळपासून पाणीसुद्धा घेतलेलं नाही, असं त्यांनी अभिमानाने सांगितलं. आईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. चातुर्मासात कांदा खाणाऱ्यांसाठी राखून ठेवलेला आवाज त्यांनी बाहेर काढला आणि म्हणाल्या, “अहो, पाणी नाही प्यायलात? तपासणीला येताना निदान एवढं तरी पाळावं माणसाने.”